फिटच्या गोळ्या शरीरात नेमकं काय करतात?

रेवा_न

माझ्या धाकट्या भावाला अपस्मार आहे. कॉलेजात असताना पहिली फिट आली, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. मधली काही वर्षं अगदी सुरळीत गेली. आता पुन्हा फिट येऊ लागल्यामुळे डॉक्टरांनी जुनी गोळी हळूहळू कमी करत दुसरी वाढवत न्यायला सांगितलंय. औषध बदलल्याबद्दल तक्रार नाही, पण आत काय चाललंय ते आम्हा दोघांनाही समजून घ्यायचंय. तपासणीच्या वेळेत एवढं सगळं विचारून होत नाही. आणि गोळी कशासाठी घ्यायची हे कळलं, तर तो ती मनापासून घेईल असं मला वाटतं.

फिट येते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तीही दीड-दोन मिनिटांची. मग गोळी रोज दोन वेळा, आणि तीही ठरल्या वेळेलाच का? उरलेले सगळे दिवस ती डोक्यात काय करत असते? फक्त बिघडलेल्या भागावर काम करते की सगळ्या मेंदूवर? भाऊ म्हणतो, "गोळीने फिट थांबते, पण डोकंही थांबतं." आणि दोन्ही गोळ्या जर फिटच्याच, तर एकीने भागत नाही तिथे दुसरीने कसं भागतं?

अनुभव असणाऱ्यांनी आणि अभ्यास असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा. डोसबद्दल विचारत नाहीये, ते डॉक्टर बघतील.

मंदार७

चांगला धागा. बायकोच्या गोळ्यांचा डबा मीच भरतो, पण यातलं काहीच ठाऊक नाही. वाचतोय.

औषधीकाका

रेवा, मी औषधशास्त्र शिकवत असे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

चेतापेशी शांत असते तेव्हा तिच्या आतल्या बाजूला बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण विद्युतदाब असतो. संदेश सोडायचा झाला की पेशीच्या आवरणातले सोडियम चॅनेल (सोडियमला आत घेणारी सूक्ष्म दारं) उघडतात, सोडियम आत घुसतो आणि क्षणभर दाब उलटा होतो. हे चॅनेल एका मिलिसेकंदाच्या आतबाहेर आपणहून मिटतात. आता मुद्द्याची गोष्ट अशी की मिटलेला चॅनेल लगेच पुन्हा उघडू शकत नाही. त्याला काही मिलिसेकंद विश्रांती लागते. म्हणजे त्याच्या तीन अवस्था झाल्या: उघडायला तयार, उघडा, आणि दमलेला.

फेनिटोइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन ही मंडळी मुख्यतः या दमलेल्या अवस्थेतल्या चॅनेलला चिकटतात आणि त्याची विश्रांती लांबवतात. जी पेशी अधूनमधून संदेश सोडते, तिचे फार थोडे चॅनेल कुठल्याही क्षणी दमलेले असतात, त्यामुळे तिला औषधाचा उपसर्ग कमी. फिटच्या वेळी पेशींचा एक मोठा गट एकाच तालावर, नेहमीच्या कितीतरी पट वेगाने संदेश सोडत सुटतो. त्यांचे चॅनेल सतत दमलेल्या अवस्थेत येत-जात असतात, म्हणून औषध त्यांनाच सर्वांत जास्त पकडतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. औषध रक्तातून सगळ्या मेंदूत पोचतं, बिघडलेली जागा शोधून तिथेच जात नाही. पण त्याचा प्रभाव जागेप्रमाणे नव्हे, पेशीच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त होतो.

सई_जो

काका, मग डोकं जड का होतं? मला कार्बामाझेपिन सुरू केलं तेव्हा जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसायच्या. कठडा धरून एकेक पाऊल टाकायचे. वेगवान पेशीच पकडते म्हणताय, तर डोळ्यांनी काय घोडं मारलं होतं?

औषधीकाका

सई, प्रश्न बरोबर आहे. निवड वेगावर होते म्हटलं ना, तर निरोगी मेंदूतही काही पेशी मुळातच वेगवान असतात. तोल सांभाळणाऱ्या आणि डोळ्यांची हालचाल जुळवणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी त्यातल्या. औषधाची रक्तातली पातळी चढली की त्यांचंही काम ढिलावतं. दोन-दोन दिसणं, चाल लटपटणं, बुबुळं थरथरणं, बोलताना जीभ जड होणं हे या गटातल्या औषधांचं ओळखीचं चित्र आहे. गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांनी होत असेल तर पातळीच्या शिखराचा संबंध असतो. सावकाश विरघळणारी गोळी देऊन किंवा डोस विभागून डॉक्टर त्यावर तोड काढतात.

अनिरुद्ध_के

मला डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं होतं: मेंदूला ॲक्सिलरेटर आहे आणि ब्रेक आहे. ॲक्सिलरेटर म्हणजे ग्लुटामेट, ब्रेक म्हणजे गाबा, दोन्ही मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं. काही गोळ्या ॲक्सिलरेटरवरचा पाय कमी करतात, काही ब्रेक दाबतात. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम, फेनोबार्बिटोन ब्रेकवाली. एवढं समजलं तरी पुरे असं माझं मत. बाकीचं डॉक्टरांवर सोडावं.

मृण्मयी_व

अनिरुद्ध, असहमत. बालमेंदूविकार विभागात काम करते, म्हणून सांगते. ब्रेक-ॲक्सिलरेटरवर थांबलं की रेवाचा तिसरा प्रश्न अनुत्तरित राहतो. कारण मग कुठलीही ब्रेकवाली गोळी कुठल्याही फिटला चालायला हवी, आणि तसं मुळीच होत नाही.

ड्रॅव्हे सिंड्रोम घ्या. बाळ वर्षाचं व्हायच्या आत तापात लांबलेली फिट येते आणि मग प्रकार वाढत जातात. बहुतेक मुलांमध्ये एससीएन१ए या जनुकात दोष असतो. हे जनुक सोडियम चॅनेलचंच, पण तो चॅनेल मुख्यतः आवर घालणाऱ्या पेशींच्या कामाचा असतो. त्यांचे चॅनेल आधीच अर्धे. त्यात सोडियम चॅनेल अडवणारं कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन दिलं, तर उरलासुरला आवरही जातो आणि फिट वाढतात. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला बुडवते ती अशी.

दुसरं उदाहरण ॲबसेन्स फिटचं. मूल पाच-दहा सेकंद टक लावून बघतं आणि पुन्हा जागेवर येतं. या फिटची विजेची लय मेंदूच्या आतला थॅलॅमस नावाचा भाग आणि वरचा थर यांच्यामध्ये फिरते, आणि तिला टी-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल लागतात. गंमत अशी की हे चॅनेल पेशी जास्त शांत झाली तरच पुढच्या फेरीसाठी तयार होतात. म्हणजे इथे गाबा वाढवून पेशी आणखी शांत केली, तर लय मोडायच्या ऐवजी पक्की होते. व्हिगाबॅट्रिन आणि टायगाबिन गाबा वाढवतात, आणि ॲबसेन्स फिट बिघडवतात. उलट एथोसक्सिमाइड ते कॅल्शियम चॅनेलच अडवतं, म्हणून तिथे उत्तम चालतं. पण मोठ्या आकडीत त्याचा उपयोग नाही.

आणि नवजात बाळांमध्ये तर गाबा पुष्कळदा आवरच घालत नाही. त्या वयात चेतापेशीच्या आत क्लोराइड जास्त असतं. गाबाने चॅनेल उघडलं की क्लोराइड आत यायच्या ऐवजी बाहेर जातं आणि पेशी उत्तेजित होते. वय वाढतं तसा क्लोराइड बाहेर काढणारा पंप वाढतो आणि गाबाचं काम उलटतं. नवजातांच्या फिटना फेनोबार्बिटोन अनेकदा अपुरं पडतं, त्यामागे हे एक कारण मानतात.

अनिरुद्ध_के

हे माहीत नव्हतं. मान्य, एका ओळीत मावणारं प्रकरण नाही.

गार्गी_प

मृण्मयीताईंनी लिहिलेली ॲबसेन्स फिट मी अगदी समोर बसून पाहिली आहे. लेक वर्गात लक्ष देत नाही, अर्धी वाक्यं सोडते, अशा तक्रारी शाळेतून सतत येत. तिला रागावलोही. मग ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढायला गेलो. तंत्रज्ञांनी तिच्या हातात कागदाचं भिंगरीचं खेळणं दिलं आणि म्हणाले, मी थांब म्हणेपर्यंत फुंकत राहा. भिंगरी गरगर फिरत होती. मध्येच फुंकर थांबली, पापण्या बारीक फडफडल्या, ओठ तसेच पुढे. पडद्यावर सरळ रेघांच्या जागी एकसारखे उंच सुळके, सेकंदाला तीन. बोटावर मोजण्याइतके सेकंद गेले असतील. मग सुळके संपले आणि तिने मधलं काही घडलंच नाही अशी पुढची फुंकर मारली.

एथोसक्सिमाइड सुरू केल्यावर काही आठवड्यांत हे थांबलं. पोट दुखायचं सुरुवातीला, ते जेवणानंतर दिल्यावर कमी झालं. पालकांनो, मूल 'लक्ष देत नाही' म्हणून शिक्षा करण्याआधी एकदा दाखवून घ्या, ही कळकळीची विनंती.

दिगंबर_स

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. या औषधांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १८५७ साली चार्ल्स लोकॉक या इंग्रज डॉक्टरांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग मांडला. त्याने फिट कमी व्हायच्या, पण माणूस गुंगीत राहायचा आणि अंगावर पुटकुळ्या उठायच्या. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटल, म्हणजे वर आलेलं फेनोबार्बिटोनच, वापरलं. ते आजही जगभर वापरात आहे. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटोइन पुढे आणलं. त्यांनी मांजरांमध्ये विजेच्या झटक्याने आकडी आणून एकामागून एक रसायनं तपासली. फिट थांबवायची तर माणसाला गुंगी यायलाच हवी, हा समज तेव्हा मोडला. फेनिटोइन हे रसायन बिल्ट्झ यांनी १९०८ मध्येच तयार केलेलं होतं, तीस वर्षं कुणाला त्याचा हा उपयोग ठाऊक नव्हता.

सगळ्यात सुरस कथा व्हॅल्प्रोएटची. १८८२ मध्ये बनवलेलं हे आम्ल प्रयोगशाळेत द्रावक म्हणून पडून होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिएर एमार दुसरीच संयुगं त्यात विरघळवून प्राण्यांवर तपासत होते. जे संयुग घ्यावं ते गुणकारी! अखेर ध्यानात आलं की गुण संयुगांचा नव्हता, ज्यात ती विरघळवली त्या द्रवाचा होता.

मंदार७

जबरदस्त! हे आज बायकोला वाचून दाखवणार, तिची गोळी तीच आहे. :)

नील_आभाळ

मी स्वतः रुग्ण आहे, म्हणून रेवाताईंच्या भावाच्या "डोकंही थांबतं" याबद्दल लिहितो. ते खरं असतं. कृपया त्याला "फिटपेक्षा बरं ना" असं म्हणू नका. मला आधी टोपिरामेट होतं. हाता-पायाला मुंग्या, वजन उतरलं, तेही चाललं असतं. पण शब्द सापडेनात. समोर खुर्ची दिसतेय, तिला काय म्हणतात ते जिभेवर येत नाही. बैठकीत बोलायची भीती बसली. डॉक्टरांना हे सांगायला मी फार काळ लावला, कारण फिट थांबल्या होत्या आणि तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटायचं. सांगितल्यावर त्यांनी औषध बदललं आणि शब्द परत आले.

आता लेव्हेटिरासिटाम घेतो. डोकं साफ आहे. पण पहिल्या दिवसांत चिडचिड प्रचंड. घरच्यांनी ओळखलं, मला कळलंच नव्हतं.

सई_जो

लेव्हेटिरासिटामबद्दल माझा अनुभव वेगळा. मला रागबिग काही नाही, फक्त पहिल्या काही दिवसांत झोप फार यायची. तेव्हा ऐकीव गोष्टींवर आधीच घाबरू नये.

औषधीकाका

दोघांचंही खरं. चिडचिड, उदासी हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, पण सगळ्यांना होत नाही. आधी नैराश्य असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आता ते काम कसं करतं ते सांगतो, कारण ते वर लिहिलेल्या कशातच बसत नाही. सोडियम चॅनेल नाही, गाबाचा रिसेप्टर (पेशीवर गाबा जिथे बसतो ती जागा) तोही नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा ते नेमकं कशाला चिकटतं हे ठाऊक नव्हतं. २००४ मध्ये ते एसव्ही२ए या प्रथिनाला चिकटतं असं दाखवलं गेलं. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो रसायनांच्या सूक्ष्म पिशव्या फुटून. हे प्रथिन त्या पिशव्यांच्या आवरणात असतं. त्याला औषध चिकटलं की फार वेगाने निरोप सुटत असताना रसायन बाहेर पडण्यावर मर्यादा येते.

आणि रेवाच्या पहिल्या प्रश्नातला 'दोन वेळा' समजतो तो गोळी शरीरातून किती लवकर बाहेर जाते यातून. लेव्हेटिरासिटामची रक्तातली पातळी साधारण सहा ते आठ तासांत निम्मी होते आणि ते बरंचसं तसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर जातं. म्हणून ते दिवसातून दोनदा. फेनोबार्बिटोन निम्मं व्हायला काही दिवस घेतं, म्हणून ते रात्री एकदा घेतलं तरी चालतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर लेव्हेटिरासिटामचा डोस कमी करावा लागतो. यकृताचा असेल तर व्हॅल्प्रोएटला हात लावताना विचार करावा लागतो. गोळी कुठल्या वाटेने बाहेर जाते यावर निम्मा उपचार ठरतो.

कौस्तुभ_र

माझ्या वडिलांचं कोडं कुणी सोडवेल का? कार्बामाझेपिन सुरू केलं, पहिले दोन-तीन आठवडे छान गेले, मग तोच डोस असताना पुन्हा फिट. गोळी एकदाही चुकली नव्हती, डबा मी रोज तपासत होतो. तरी एका ठिकाणी आम्हाला ऐकवलं गेलं की "तुम्हीच नीट देत नसणार." फार मनाला लागलं.

औषधीकाका

कौस्तुभ, तुम्ही नीटच देत होतात. कार्बामाझेपिन यकृतातल्या ज्या एन्झाइमांनी तोडलं जातं, तीच एन्झाइमं ते स्वतः वाढवतं. पहिल्या तीन ते पाच आठवड्यांत यकृत ते अधिकाधिक वेगाने तोडू लागतं आणि त्याच डोसवर पातळी घसरते. त्यासाठीच डोस टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो. हे पाठ्यपुस्तकातलं आहे, तुम्हाला ते ऐकवायला नको होतं.

फेनिटोइनची तऱ्हा याच्या उलटी. ते तोडणारी एन्झाइमं नेहमीच्या डोसलाच जवळजवळ पूर्ण क्षमतेने कामाला लागलेली असतात. त्यापुढे डोस एक-तृतीयांशाने वाढवला तर पातळी दुपटीवरही जाऊ शकते. ३०० मिलिग्रॅमवर व्यवस्थित असलेला माणूस ४०० वर लटपटायला लागतो तो यामुळे. म्हणून त्यात अगदी लहान पावलांनी वाढ करतात आणि रक्तातली पातळी बघतात. ती मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावी असा संकेत आहे. त्यातही सुमारे ९० टक्के औषध अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं असतं आणि उरलेलं मोकळंच काम करतं. अशक्त रुग्णात अल्ब्युमिन कमी असेल तर अहवालातली एकूण पातळी कमी दिसते, पण मोकळं औषध पुरेसं असतं. नुसता आकडा बघून डोस वाढवला की घोळ होतो.

कौस्तुभ_र

धन्यवाद काका. बाबांना दाखवलं. एवढा काळ तेही मनात धरून होते.

शुभदा_ह

मी तातडीच्या विभागात परिचारिका आहे. रोजची गोळी आणि फिट चालू असताना द्यायचं औषध यातला फरक इथे यायला हवा.

फिट चालू झाल्यावर गोळी तोंडात घालायची नसते, काहीच घालायचं नसतं. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, हात-पाय दाबून धरू नका, आणि घड्याळ बघा. घड्याळ सर्वांत महत्त्वाचं. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी फिट सुरू झाली, तर लगेच रुग्णवाहिका. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल, तर तो त्यांनी सांगितलेल्या वेळी द्या.

पाच मिनिटांचीच मर्यादा का? मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी गाबा-ए रिसेप्टरवर बसतात आणि क्लोराइडचं दार वारंवार उघडायला लावतात. फिट लांबत जाते तसतसे पेशी हे रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेतात. औषध येऊन पोचतं, पण त्याला बसायला जागाच कमी उरलेली असते. उलट उत्तेजना देणारे रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात. त्यामुळे लवकर दिलेला छोटा डोस जे काम करतो, ते अर्ध्या तासाने दिलेला मोठा डोसही करेलच असं नाही. "थोडं थांबून बघू, बंद होईल" म्हणत उशिरा आणलेले रुग्ण पाहिले की जीव तुटतो.

अदिती_मो

बायकांसाठी एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. मी लॅमोट्रिजिन घेते. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू केली आणि फिट परत आल्या. तेव्हा कळलं की इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनची पातळी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. गरोदरपणातही ती घसरते, म्हणून माझी पातळी वरचेवर तपासत होते. उलटही होतं: कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळीच निकामी ठरू शकते.

प्राजक्ता_७७

व्हॅल्प्रोएट गरोदरपणात वाईट असं वाचलं. मैत्रीण घेते आणि तिला नुकतेच दिवस राहिलेत. तिला आजच बंद करायला सांगू का?

मृण्मयी_व

प्राजक्ता, नाही! अचानक बंद करायला अजिबात सांगू नकोस. गोळी एकदम थांबवली तर एकामागून एक फिट येऊ शकतात आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिला आजच्या आज तिच्या डॉक्टरांना फोन करायला सांग. निर्णय त्यांनी आणि तिने मिळून घ्यायचा आहे.

धोका मात्र खरा आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या बाळांपैकी साधारण १० टक्क्यांत जन्मजात व्यंग आढळतं, मणक्याचं व्यंग त्यातलं एक. ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयात दुसरा पर्याय चालत असेल तर हे टाळतात, आणि बदल दिवस राहण्याआधीच करतात. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम यांचा धोका बराच कमी आहे. मुलगी वयात आली की पालकांनी हा विषय स्वतःहून डॉक्टरांकडे काढावा.

प्राजक्ता_७७

कळवलं तिला. ती फोनवर बोलतेय डॉक्टरांशी.

नील_आभाळ

लॅमोट्रिजिन इतकं हळूहळू का वाढवतात हेही सांगा कुणीतरी. माझ्या चुलतबहिणीला वाटतं डॉक्टर चालढकल करताहेत.

औषधीकाका

चालढकल नाही. वेगाने वाढवलं तर त्वचेवर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमपर्यंत. व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर आणखी सावकाश, कारण ते लॅमोट्रिजिनची विल्हेवाट अडवतं आणि ते शरीरात दुपटीहून जास्त वेळ रेंगाळतं. पुरळ, ताप, तोंड येणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. कार्बामाझेपिनलाही हा धोका आहे, आणि एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांत तो बराच जास्त. आशियातल्या अनेक समाजांत हा प्रकार आढळतो, म्हणून औषध सुरू करण्याआधी काही ठिकाणी त्याची तपासणी करतात.

रेवा_न

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाशेजारी बसून पूर्ण धागा वाचला. नीलचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, पुढच्या वेळी मीही सांगणार.

मूळ प्रश्नातलं मला समजलं ते असं: फिट कधी येणार हे आधी कळत नाही, म्हणून पेशींचा वेग वाढेल त्या क्षणी औषध तिथे हजर असावं लागतं. उरलेले दिवस ते वाया जात नाही, ते पहाऱ्यावर असतं. बरोबर ना? आता त्याचा प्रश्न: याने आजार मुळातून जातो का? आणि दुसरी गोळीही चालली नाही तर?

मृण्मयी_व

बरोबर समजलंत. एक डोस चुकला की काही तासांपुरता तो पहारा पातळ होतो, आणि त्यात जागरण किंवा ताप आला की फिट डाव साधते.

मुळातून जातो का, याचं प्रामाणिक उत्तर: ही औषधं फिट रोखतात, फिट येण्याची प्रवृत्ती पुसत नाहीत. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांना फेनिटोइन देऊन पाहिलं, तर पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी झाल्या, पुढे होणारा अपस्मार मात्र टळला नाही. तरी अनेकांची प्रवृत्ती वयानुसार आपोआप मावळते. म्हणूनच दोनेक वर्षं फिट नसेल तर डॉक्टर गोळी हळूहळू बंद करण्याचा विचार करतात. किशोरवयात सुरू होणाऱ्या मायोक्लोनिक (हात-पाय अचानक झटकणाऱ्या) अपस्मारात मात्र गोळी थांबवली की बहुतेकांना फिट परत येते.

दुसऱ्या गोळीबद्दल: २००० साली क्वान आणि ब्रॉडी यांनी ५२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या आधी औषध न घेतलेल्या ४७० जणांपैकी पहिल्याच औषधावर ४७ टक्के फिटमुक्त झाले, दुसऱ्यावर आणखी १३ टक्के, त्यानंतरच्या औषधांनी फारच थोडे. त्यामुळे योग्य निवडलेली आणि पुरेशा डोसमध्ये घेतलेली दोन औषधं निष्फळ ठरली, तर नुसतं तिसरं-चौथं बदलत बसू नये. अपस्माराच्या विशेष केंद्रात पाठवायला सांगा. फिट मेंदूच्या एकाच भागातून उगम पावत असेल तर शस्त्रक्रियेने पूर्ण थांबू शकते. वर्षानुवर्षं वाट पाहून मग तिथे येणारे रुग्ण फार आहेत.

रेवा_न

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या भेटीत विचारते.

शुभदा_ह

जाता जाता एक सांगते, रेवाताई. भावाच्या पाकिटात औषधांची नावं आणि डोस लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी गेलात तरी ती आधी दाखवा. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या रुग्णाला मेरोपेनेम हे प्रतिजैविक दिलं, तर व्हॅल्प्रोएटची पातळी एका दिवसात कोसळते, आणि डोस वाढवूनही भरून येत नाही. न्यूमोनियासाठी भरती झालेल्या माणसाला वॉर्डात फिट येते ती अशी.

मंदार७

बायकोची चिठ्ठी लिहून झाली. मेरोपेनेमचं नाव खाली लाल पेनने घातलंय. शुभदाताई, आणखी कुठली नावं घालावीत?

शुभदा_ह

त्याच गटातली इमिपेनेम आणि एर्टापेनेम. आणि ॲस्पिरिन मोठ्या डोसमध्ये द्यायची वेळ आली तर आधी विचारा, तिच्यामुळे मोकळं व्हॅल्प्रोएट वाढतं. तिच्या मेंदूतज्ज्ञांचा फोन नंबरही त्याच चिठ्ठीवर लिहा.